इंदूरमध्ये एखाद्या घराला योजनांचा आणि ट्रस्टचा पैसा मिळवून द्यायचा तर

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. रंगकाम करायचे. रात्री छातीत दुखायला लागलं आणि उजाडेपर्यंत सगळं संपलं. मागे सासू, दोन शाळकरी मुलं आणि भाड्याची एक खोली. तेराव्याच्या आत आम्ही चौघींनी गल्लीतून अकरा हजार जमवले, एका ट्रस्टकडून पाच हजार आणले आणि आपण केवढं काम केलं या समाधानात घरी बसलो. ते सोळा हजार दीड महिन्यात संपले.

चार महिन्यांनी मावशी यजमानांचं खातं बंद करायचं म्हणून पासबुक घेऊन आल्या. चाळताना मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापल्याची एक ओळ दिसली. त्या एका ओळीची किंमत २ लाख रुपये होती, आणि ती चार महिने त्यांच्या ट्रंकेत पडून होती. मी बँकेत तीस वर्षं काढलेली बाई, पण पहिल्या दिवशी पासबुक मागायचं मला सुचलं नाही. वर्गणी गोळा करायचं तेवढं सुचलं.

तेव्हापासून दहा-बारा घरांची कागदं मी आणि माझ्या मैत्रिणींनी हाताळली. त्यातून एक क्रम पक्का झाला: आधी हक्काचं, मग दानाचं. दानाचा पैसा जमेल तिथे हक्काच्या पैशापर्यंत पोचायलाच वापरायचा. इंदूरमध्ये हे काम नव्यानं अंगावर घेत असाल, किंवा पुण्या-नाशिकहून इथे येऊन इथल्या सरकारी हिंदीत गोंधळला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

१. पहिल्या दिवशी पैसे नेऊ नका, वही न्या

एका घराला वहीचं एक पान द्या. घरातल्या प्रत्येकाची एक ओळ: आधारवर जसं छापलंय तसंच नाव, जन्मतारीख, समग्र क्रमांक (मध्य प्रदेश सरकारचा घराचा आणि माणसाचा ओळख क्रमांक), मोबाइल कोणाकडे असतो, बँक खातं कुठे. शेवटचा रकाना 'काय जुळत नाही' याचा. तोच सगळ्यात जास्त भरतो.

त्यांना काय काढून ठेवायला सांगायचं:

- सगळ्यांची आधार कार्डं, मूळ
- समग्र कुटुंब क्रमांक (८ आकडी) आणि प्रत्येकाचा सदस्य क्रमांक (९ आकडी)
- रेशनची पात्रता पर्ची, असेल तर
- घरातल्या सगळ्या बँकांची पासबुकं, बंद पडलेलीसुद्धा, गेलेल्या माणसाचीही
- मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, निदान पाच प्रती
- मुलांचे जन्मदाखले, शाळेचे निकाल, फीच्या पावत्या
- विजेचं बिल किंवा भाडेचिठ्ठी
- संबल, ई-श्रम, बांधकाम कामगार असं कसलंही कार्ड
- पासपोर्ट फोटो. प्रत्येकाचे सहा काढून घ्या, पुढे लागतच राहतात

कागद बघताना घाई करू नका. बायका ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढतात, तिच्यात सिलिंडरच्या पावत्या आणि लग्नपत्रिकेच्या मध्ये कामाचा कागद असतो. पासबुकात मेच्या अखेरीस ४३६ किंवा २० रुपये कापलेत का, ते बघा. जुनं पासबुक असेल तर हेच आकडे ३३० आणि १२ असतात. दर जून २०२२ पासून बदलले. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा: मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी वारसाला २ लाख. फक्त नवीन विम्यात पहिल्या तीस दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर मिळत नाहीत. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूचे २ लाख. दावा त्याच बँकेच्या शाखेत करायचा. शाखेत कोणी आपण होऊन सांगेल अशी वाट बघू नका.

२. नावाची भानगड

निम्मा वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे लग्नात नवरा तांदळात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. हौसेचा भाग आहे, पण वीस वर्षांनी तो असा उलटतो: शाळेच्या दाखल्यावर कमल, आधारवर वैशाली, बँकेत कमलबाई, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसरंच. इथल्या बाबूंना ही प्रथा माहीत नसते. त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. त्यात मधलं नाव माहेरच्या कागदावर वडिलांचं आणि सासरच्या कागदावर नवऱ्याचं.

मग आपला ळ. हिंदी फॉर्मात काळे हमखास 'काले' होतात, साळवे 'सालवे'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये व चं कधी व्ही, कधी डब्ल्यू. वाघांच्या घरात मी बाप आणि लेक दोन स्पेलिंगांत राहताना बघितलेत.

अनुभवानं ठरलेले नियम असे. आधारचं नाव हा खुंटा धरा आणि बाकीची कागदं त्याच्याशी बांधा. उलट करू नका. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला 'अभी बदल देते हैं, अम्मा' म्हणतो आणि ती एकुलती संधी फुकट घालवतो. आधारच चुकीचं असेल तर आधी पुरावा गोळा करा, मग जा. लग्नामुळे आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र लागतं, आणि जुन्या लग्नाचीही नोंदणी नगर निगममध्ये करता येते. पूर्ण नाव बदललं असेल तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

दुसरा नियम: जे अडवतंय तेवढंच दुरुस्त करा. मावशींच्या सासूबाईंच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६३. त्या म्हणतात, 'नेहरू गेले तेव्हा मी चौथीत होते, बाई.' म्हणजे आधारच्या हिशोबानं तेव्हा त्या दीड वर्षाच्या! ते सिद्ध करायला शाळेचा एकही कागद नाही. पण पेन्शनला साठ वर्षं लागतात आणि साठी आधारवरही उलटली होती. आम्ही ते भांडण सोडून दिलं.

३. समग्र

मध्य प्रदेशात समग्र क्रमांकाशिवाय पान हलत नाही. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे नवीन असतं. क्रमांक नसेल किंवा नवरा-बायको अजून सासऱ्यांच्या जुन्या समग्र कुटुंबात अडकले असतील, तर तुमच्या वॉर्डाच्या झोन कार्यालयात जा. इंदूरचे ८५ वॉर्ड आहेत, त्यामुळे आपला वॉर्ड क्रमांक आधी नगर निगमच्या घरपट्टीच्या पावतीवर किंवा मतदार यादीत बघून ठेवा. भाडेकरू असाल तर घरमालकाकडून घ्या. चुकीच्या झोनमध्ये रांग लावून अर्धा दिवस गेलेले लोक मी बघितलेत, त्यात मीही एकदा होते.

मग ई-केवायसी, म्हणजे समग्र आणि आधार जुळवणं. इथला सापळा लक्षात ठेवा. आम्ही पहिल्यांदा एका दुकानातून हे करून घेतलं तेव्हा दुकानदारानं मावशींच्या नावापुढे स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. पुढे प्रत्येक कामाचा ओटीपी त्याच्या फोनवर, आणि प्रत्येक ओटीपीचे शंभर रुपये. नंबर बदलून घ्यायला तीन आठवडे लागले. फॉर्म 'सबमिट' व्हायच्या आधी पडद्यावरचा मोबाइल नंबर मोठ्यानं वाचून घ्या. घरात एकच फोन असेल आणि तो थोरला मुलगा कामाला घेऊन जात असेल, तर त्या दिवशी त्याला घरी थांबवा.

४. खातं 'लिंक' आहे म्हणजे पैसे येतील असं नाही

ही माझ्या जुन्या धंद्यातली गोष्ट. खात्याला आधार जोडलेलं असणं एक आणि सरकारी पैसा त्या खात्यात यावा म्हणून डीबीटी (सरकारकडून थेट खात्यात जमा) चालू असणं दुसरं. आधारला ज्या खात्याचं शेवटचं सीडिंग (डीबीटीसाठीची जोडणी) झालं, पैसा तिथेच जातो. सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि त्यासोबत एक खातं उघडलं गेलं, हे बाईला माहीतही नसतं. मग 'माझे पैसे आलेच नाहीत' म्हणून ती जुन्या बँकेत भांडते आणि पैसे भलत्याच खात्यात साठत असतात.

आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथे बँकेचं नाव बघा. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन 'आधार सीडिंग, डीबीटीसाठी' असं स्पष्ट लिहिलेला अर्ज द्या. नुसतं 'केवायसी करा' म्हणालात तर ते केवायसीच करतील. चूक त्यांची नाही.

५. कुठल्या दारात काय मिळतं

सगळ्या योजनांची यादी देत नाही. एका घराला साधारण ज्या क्रमानं लागतात तसं सांगते.

पात्रता पर्ची. रेशनचं दुकान म्हणजे आपलं कंट्रोल. अंत्योदय घराला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य घराला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. 'आमचं बीपीएलमध्ये नाव नाही' म्हणून लोक गप्प बसतात. बीपीएलशिवायही गट आहेत: संबलवाले, नोंदणीकृत बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, हातगाडीवाले. पर्ची सगळ्यात आधी, कारण ती असली की पुढचं आयुष्मान कार्ड सोपं जातं.

आयुष्मान. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं. आपल्या रामबागेतल्या पेन्शनर आजी-आजोबांनाही. कार्ड आजारी पडायच्या आधी काढा. एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रात्री अकरा वाजता आधारची झेरॉक्स शोधायची वेळ शत्रूवरही येऊ नये. उपचार ज्या रुग्णालयात होणार ते यादीत आहे का, आणि *तो विभाग* यादीत आहे का, दोन्ही विचारा. चौकशी १४५५५ वर.

कल्याणी पेन्शन. इथल्या सरकारी भाषेत विधवा हा शब्द नाही, 'कल्याणी' म्हणतात. महिना ६०० रुपये. कमी आहेत, मान्य. पण त्या सहाशेंमुळे मावशींनी दुकानातली उधारी बंद केली. वृद्धापकाळाची पेन्शनही सहाशेच.

लाड़ली बहना. बायकांना दरमहा पैसे देणारी इथली राज्य योजना. मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, पहिला हप्ता १००० चा, मग १२५०, पुढे १५००. ज्यांची नोंदणी तेव्हा राहिली त्यांना आज जाऊन नाव घालता येत नाही, सरकार नोंदणी उघडेल तेव्हाच. 'दो हजार दो, पुराने में नाम चढ़वा दूँगा' म्हणणारा भेटला की उठून या. आणि नाशिकच्या वन्सं 'लाडकी बहीण'चा फॉर्म पाठवतात तो महाराष्ट्राचा आहे, आपल्या कामाचा नाही.

संबल. असंघटित कामगारांसाठी. नैसर्गिक मृत्यूला २ लाख, अपघाती मृत्यूला ४ लाख, अंत्यसंस्काराला ५ हजार. पण नोंदणी माणूस जिवंत असताना झालेली लागते. मावशींच्या घरी ती नव्हती. त्यामुळे आता मी घरोघरी पहिल्यांदा विचारते ते हे. बीपीएल यादीतल्या घरातला साठीच्या आतला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय परिवार सहायता योजनेचे २० हजार वेगळे असतात, तेही विचारून घ्या.

मुलांसाठी मिशन वात्सल्य. कोणाला माहीतच नसते अशी ही योजना. वडील गेलेल्या, आई एकटी सांभाळत असलेल्या मुलाला महिना ४००० रुपये, शहरात घराचं वर्षाचं उत्पन्न ९६ हजारांच्या आत असेल तर. मावशी चार घरी पोळ्या करून महिन्याला साडेसात हजार मिळवतात, वर्षाचे नव्वद. बसतात. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण एककात करायचा. घरी चौकशीला माणूस येतो, समिती मंजूर करते, वेळ लागतो आणि नाव यादीत थांबूही शकतं. पण सहाशेच्या पेन्शनपेक्षा या घराला याची गरज कितीतरी जास्त, म्हणून धीर सोडू नका. मूल शाळेत जात असलं पाहिजे.

शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन सोडत निघते, पण प्रवेश नर्सरी किंवा पहिलीलाच. पाचवीतल्या मुलासाठी विचारत फिरू नका.

६. अर्ज, पावती, मंगळवार

उत्पन्नाचा आणि मूळ निवासीचा दाखला लोकसेवा केंद्रात निघतो, बरेचदा त्याच दिवशी. लोकसेवा हमीचा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशानं २०१० मध्ये केला. कायद्याच्या यादीतल्या सेवेला ठरलेली मुदत असते, आणि विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० पर्यंत दंड होऊ शकतो. हे भांडायला वापरू नका. फक्त पावतीवरच्या मुदतीच्या तारखेवर बोट ठेवून 'भैया, ये तारीख निकल गई' एवढं म्हणा. पुष्कळदा भागतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी छोटासा कोश: दाखला म्हणजे प्रमाण पत्र, दुरुस्ती म्हणजे संशोधन, पडताळणी म्हणजे सत्यापन, तलाठी म्हणजे पटवारी, सातबारा म्हणजे खसरा, आपले सरकार केंद्र म्हणजे लोकसेवा केंद्र. जातीचा महाराष्ट्रातला दाखला इथल्या राज्य योजनांना चालेल असं गृहीत धरू नका.

अर्जाच्या नेहमी दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'रख दो, हो जाएगा' हे उत्तर नव्हे.

अडलं तर १८१, मुख्यमंत्री हेल्पलाइन. तक्रार चार पायऱ्या वर चढते, त्यामुळे खालच्या पायरीवरच्यांना ती बंद व्हायला हवी असते. मग फोन येतो: 'मॅडम, काम हो जाएगा, आप शिकायत कटवा दीजिए.' आवाज गोड असतो. मी एकदा भुलले, तक्रार काटली आणि काम सात महिने तसंच राहिलं. पैसा खात्यात जमा झाल्याचा मेसेज दिसल्याशिवाय 'संतुष्ट' म्हणायचं नाही, मग समोरचा कितीही काकुळतीला येऊ दे.

त्यानंतर मंगळवारची जनसुनवाई, मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत. सकाळी अकराला सुरू होते, तुम्ही साडेदहालाच पोचा. अर्ज एक पानी, हिंदीत, वर एकाच ओळीत मागणी. मावशींच्या पहिल्या अर्जात मी दोन पानं करुण कहाणी लिहिली होती. समोरच्या अधिकाऱ्यानं तीन सेकंद बघून विचारलं, 'करना क्या है?' दुसऱ्या वेळी लिहिलं: 'कल्याणी पेंशन आवेदन क्रमांक अमुक, दिनांक अमुक, लंबित है, स्वीकृत किया जाए.' त्याच दिवशी शेरा मारला गेला. बोलणं बाईला स्वतःला करू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा. नाहीतर तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देत सुटता आणि साहेबांना वाटतं, दलाल आलीय.

जनसुनवाईत योजनेत न बसणाऱ्या घरांना कधी कधी रेडक्रॉसमधूनही तातडीची मदत मिळते. सरकारी दार आणि धर्मादाय पैसा एकाच खोलीत असण्याची ही जागा.

७. आता ट्रस्ट

इथवरचं सगळं सुरू झाल्यावरच ट्रस्टकडे जा. कारण साधं आहे: कोणताही शहाणा विश्वस्त पहिल्यांदा विचारतो, 'सरकारकडून काय मिळतंय?' त्याला उत्तर म्हणून पावत्या दाखवल्यात तर तुमची पत वाढते.

महाराष्ट्रातले नातेवाईक हमखास सांगतील, 'धर्मादाय रुग्णालयात गरिबांच्या खाटा राखीव असतात, भांडा.' त्या तिथे असतात: १० टक्के मोफत आणि १० टक्के सवलतीच्या, तिथल्या विश्वस्त कायद्याच्या कलम ४१एए प्रमाणे. तो कायदा मध्य प्रदेशाला लागू नाही. इथे धर्मादाय आयुक्तही नाही. मध्य प्रदेशाचा सार्वजनिक न्यास कायदा १९५१ चा, आणि न्यासांचे रजिस्ट्रार जिल्हाधिकारीच. त्यामुळे रुग्णालयात सवलत मागायची ती विनंती म्हणून मागा, कलम फेकू नका.

अहिल्याबाईंनी घाट आणि धर्मशाळा सरकारी खजिन्यातून नाही, खासगीतून, म्हणजे होळकरांच्या खासगी मिळकतीतून बांधल्या, हे आपण इंदूरचे लहानपणापासून ऐकतो. त्या खासगीचाच वारसा सांगणाऱ्या ट्रस्टच्या खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो सार्वजनिक न्यास आहे, त्याला १९५१ चा कायदा लागतो आणि रजिस्ट्रारच्या मंजुरीशिवाय मालमत्ता विकता येणार नाही. नाव अहिल्याबाईंचं असलं तरी हिशोब द्यावाच लागतो. मग तुमच्या ओळखीच्या ट्रस्टला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कशाला? न्यास, सोसायटी किंवा कंपनी, तिन्हींपैकी काय आहे, पावती छापील आहे का, एवढं विचारा.

ट्रस्टचा अर्ज असा लिहा: खर्च किती, त्यातला किती कुठून जमला, तुमच्याकडून किती हवा, चेक कोणाच्या नावे. शाळेच्या फीसाठी शाळेच्या नावे, ऑपरेशनसाठी रुग्णालयाच्या नावे. 'जमेल तेवढी मदत करा' असं लिहिलं की जमेल तेवढीच मिळते, म्हणजे दोन हजार. '४० हजारांपैकी २८ जमले, १२ हवेत' असं लिहिलं की बारा मिळायची शक्यता जास्त. रुग्णालयाचा अंदाजपत्रक कागद मूळ, सही-शिक्क्याचा. मुख्यमंत्री स्वेच्छानुदान किंवा पंतप्रधान मदत निधीसाठीही तोच लागतो, आणि तिथला पैसाही रुग्णालयालाच जातो. आमदार-खासदारांच्या कार्यालयातून पत्र घ्यायला लाजू नका, ते त्यांचं रोजचं काम आहे.

कंपन्यांच्या सीएसआरच्या (समाजकार्यासाठी राखलेल्या पैशाच्या) मागे एका घरासाठी लागू नका. तो पैसा नोंदणीकृत संस्थांना प्रकल्पासाठी मिळतो.

८. तुमच्या स्वतःच्या गटाचा पैसा

आम्ही दर महिन्याला दोनशे-दोनशे काढतो. सुरुवातीला त्यातून वह्या वाटल्या, मागे बॅनर लावून फोटो काढले. फोटोत मावशींच्या धाकट्यानं वही तोंडासमोर धरलीय. तो फोटो बघितल्यापासून बॅनर माळ्यावर आहे.

आता पैसा जातो तो बुडालेल्या मजुरीत. कचेरीत एक दिवस गेला की धुणंभांडी करणाऱ्या बाईचा खाडा पडतो, बांधकामावरच्या माणसाची दिवसाची हजेरी जाते, म्हणून माणसं तिसऱ्या चकरेला येतच नाहीत. आम्ही खाड्याचे पैसे, रिक्षाभाडं, नोटरी आणि झेरॉक्स देतो. मावशींच्या घरासाठी सगळे मिळून साडेतीन हजार गेले. त्यातून विम्याचे २ लाख, पेन्शन, पर्ची आणि आयुष्मान आलं. आधीच्या सोळा हजारांतून काय आलं होतं ते वर लिहिलंय.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर लोकांना '८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती देऊ' असं सांगू नका. नोंदणीकृत संस्थेलाही २००० च्या वर रोख घेऊन ती सवलत देता येत नाही, आणि नवीन करप्रणालीत देणाऱ्याला तिचा फायदाच नाही. अमेरिकेतल्या भाच्यानं तिकडचा पासपोर्ट घेतला असेल तर त्याचे डॉलर मंडळाच्या खात्यात घेणं म्हणजे विदेशी देणगी. त्याला एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी लागते, भाच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी. भारतीय पासपोर्टवाल्याच्या पैशाला तसं नाही. भाच्यानं मावशीला घरगुती म्हणून पाठवले तर ती वेगळी गोष्ट, पण मग तो मंडळाचा पैसा म्हणून मिरवायचा नाही.

९. मिळाल्यानंतर

दोन लाख खात्यात आले की आठवडाभरात दीर भेटायला येतात, चिट फंडवाला येतो, 'समूह लोन'ची बाई येते. मावशींचे दीड लाख आम्ही त्याच दिवशी मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकले आणि पावत्या त्यांच्या बहिणीकडे ठेवल्या. त्यांनी दिरांना सांगितलं, 'काकूंनी बँकेत अडकवलेत.' वाईट मी झाले, चालतं.

पेन्शनचं सत्यापन आणि पर्चीची केवायसी वेळोवेळी मागतात. ती राहिली तर पैसे गुपचूप बंद होतात. त्याच्या तारखा वहीत त्या घराच्या पानावर लिहून ठेवा. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक फोन करा: खात्यात ४५६ रुपये शिल्लक आहेत ना? मावशी आता अडतीस वर्षांच्या आहेत, ४३६ आणि २० चे दोन्ही विमे त्यांच्या नावावर चालू आहेत, आणि वारस म्हणून थोरल्याचं नाव लावलंय. आधारवर आहे तसं, ळ सकट.